उर्वी हजर आहे

अकरा दिवसांत उर्वी एकदाही जागची उठली नव्हती. निदान वॉल्टरने माझ्या टेबलावर ठेवलेल्या कागदावर तरी तसं छापलेलं होतं. दुपारी सव्वातीन ते रात्री नऊ, टेक्ससची वेळ, रोज सलग पावणेसहा तास हजर. शनिवार-रविवारी तर सकाळी आठपासून. मध्ये पाणी प्यायला नाही, जेवायला नाही, कुठे म्हणून नाही. वॉल्टर आमचा मॅनेजर, सहा फूट दोन इंच, आवाज मात्र देवघरात बोलल्यासारखा. तो कुणावर ओरडत नाही, नुसता कागद ठेवतो, आणि कागदावर पिवळ्या मार्करने रेघ मारलेली असते. यादीत सगळ्यात वरचं नाव माझं होतं, ते टेस्टचं खातं म्हणून त्यानेच पेनने खोडलं होतं. पिवळी रेघ दुसऱ्या नावावर. "हू इज उर्वी?" त्याने विचारलं. माझी मुलगी, नऊ वर्षांची आहे, मी म्हटलं. घरच्यांना टेस्टर म्हणून घ्यायची परवानगी त्यानेच दिली होती. तो हसला. "नोबडी इज दॅट प्रेझेंट, मृणालिनी," म्हणाला. म्हणजे दोष उर्वीचा नव्हे, माझ्या प्रोग्रॅमचा. माणूस उठून गेलं तरी त्याला ते कळत नाही. गुरुवारच्या आत शोध, नाहीतर हा भाग डेमोतून काढावा लागेल, एवढं सांगून तो गेला. मी कागदाकडे बघत राहिले. डोक्यात मात्र गुरुवार नव्हता. गेले अकरा दिवस मी रोज दुपारी उर्वीच्या त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत डबा खाल्ला होता.

आमचं काम सांगायला सोपं आहे, म्हणूनच बहुधा ते करायला तीन वर्षं लागत होती. देशभरातल्या विद्यापीठांची मशीनं एकमेकांना जोडायची, म्हणजे एका गावातल्या शास्त्रज्ञाचं अवाढव्य गणित दुसऱ्या गावातल्या रिकाम्या पडलेल्या मशीनांवर सुटावं. ह्याला ग्रिड म्हणतात. अशा पसाऱ्यात माणसाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: माझं सामान कुठे आहे आणि माझी माणसं कुठे आहेत. सामानाचा भाग श्रीरामकडे होता, माणसांचा माझ्याकडे. फाइल कुठेही ठेवा, तिच्या तीन प्रती तीन वेगळ्या गावी राहतील, म्हणजे एखादं गाव भुईसपाट झालं तरी फाइल जगेल, हा नियम मी हट्टाने घातलेला. तीनही प्रती एका जागी कधीही ठेवायच्या नाहीत. डिझाइनच्या कागदात हे वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं होतं. आणि माणसांचं असं, की प्रत्येकाचं मशीन दर अर्ध्या मिनिटाने आम्हाला 'आहे' म्हणून कळवतं. बटणं, माउस हलत असेल तर नावापुढे हिरवा ठिपका. दहा मिनिटं कशालाच हात लागला नाही तर पिवळा, म्हणजे उठून गेला. 'आहे' येणंच थांबलं तर करडा. एकमेकांशी गप्पा मारायची सोय पुढच्या व्हर्जनमध्ये यायची होती. तूर्त फक्त ठिपके, आणि श्रीरामच्या बाजूला फोल्डर आणि दर मिनिटाला आपोआप साठवली जाणारी एक छोटी टिपणवही. माझी सर्व्हिस चोवीस तास जिवंत आहे ना हे कळावं म्हणून जुलैत मी माझ्या टेबलाखाली एक जुनं मशीन लावलं होतं. ते दर पाच मिनिटांनी माझ्या नावाने एक बटण दाबल्यासारखं करायचं. यादीत वरचं नाव माझं होतं ते त्यामुळे. त्या मशीनला मी विसरूनही गेले होते. फक्त पाय लांब केले की ते नडगीला लागायचं.

हजेरीचा मला जुना अनुभव. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलमधली संध्या सकाळच्या लेक्चरला उठायची नाही, आणि तिच्या नंबराला मी आवाज जाड करून 'प्रेझेंट सर' म्हणायचे. एकदा ती वर्गात आलेली असतानाही सवयीने मीच म्हटलं. दोन संध्या हजर झाल्या आणि आम्हा दोघींना सरांनी बाहेर काढलं. तेव्हापासून प्रॉक्सी मला दुरून ओळखू येते अशी माझी समजूत होती. ह्या नोकरीच्या मुलाखतीत मी तो किस्सा सांगितलासुद्धा, आणि वॉल्टर इतका हसला की काम मला मिळालं. तर अशी मी अट्टल प्रॉक्सीवाली, त्या दुपारी कागद समोर धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, की वेळ कुठेतरी चुकीची मोजली जात असणार.

माझ्या नवऱ्याची, कुमारची, नोकरी दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये गेली. इथे कॅलिफोर्नियात, सांता क्लारात, तेव्हा दर आठवड्याला कुणाची ना कुणाची जात होती. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला माणसं कमी आणि उरलेली भाजी जास्त, असे ते दिवस. एच-वन व्हिसावर नोकरीशिवाय बसता येत नाही. मिळाली ती टेक्ससमध्ये, डॅलसच्या बाजूला, एका टेलिकॉम कंपनीत. माझ्या ग्रीनकार्डचा अर्ज तेव्हा नुकताच आत गेलेला, आणि त्या अर्जाची खोड अशी, की तो माणसाचा नसतो, नोकरीचा आणि गावाचा असतो. नोकरी सोडली की रांगेत पुन्हा शेवटी. म्हणून मी राहिले. सहा महिन्यांचा प्रश्न आहे असं वकिलीणबाई म्हणाल्या होत्या, त्याला आता सव्वादोन वर्षं झाली होती. उर्वी आधी पावणेदोन वर्षं माझ्याजवळ होती. मग कुमारने डॅलसजवळच्या फ्रिस्कोला घर घेतलं, शाळा चांगली, समोरच शिवांगी नावाची तिच्या वयाची मुलगी, आणि पुण्याहून सासूबाई यायला तयार झाल्या. मला इथे ऑफिसातून सुटायला सात वाजायचे आणि तोवर उर्वी डे-केअरच्या खिडकीला नाक लावून बसलेली असायची, शेवटची. सगळ्यांनी मिळून शहाणपणाचा विचार केला. शहाणपणाचा विचार करताना मी सगळ्यांत पुढे होते. मे महिन्यात तिला सोडून आले, आणि परतीच्या विमानात पर्समध्ये तिचे दोन केसांचे चाप सापडले. ते मी मॉनिटरच्या कडेला लावून ठेवले. अजून तिथेच आहेत.

दर तिसऱ्या शनिवारी मी जायचे. मागची खेप डेमोमुळे कॅन्सल केली. फोन रोज व्हायचा, पण उर्वी फोनवरची मुलगी नव्हे. शाळा कशी होती? गुड. जेवलीस? येस. काय केलंस? नथिंग. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत एक शब्द टाकायची आणि माझ्या हातात काही लागायचं नाही. म्हणून मी तिच्या मशीनवर आमचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. माझं मशीन तिला दिसेल, तिचं मला. पहिल्या दिवशी तिचा ठिपका हिरवा झाला तेव्हा मी ऑफिसात उभी राहिले, खरंच खुर्चीतून उठून उभी राहिले. एवढासा ठिपका, मसुराच्या दाण्याएवढा. पण तो आहे म्हणजे ती शाळेतून आली आहे, खाली बसली आहे, तिचे पाय खुर्चीवरून लोंबकळताहेत, जमिनीला टेकत नाहीत. अकरा-बारा दिवसांपूर्वी मात्र एक झालं. तो पिवळा झाला आणि तासभर पिवळाच राहिला. संध्याकाळी फोनवर मी तिला म्हटलं, "आज तू दिसलीच नाहीस गं. मी बघत बसले होते." थट्टेतच म्हटलं, पण आवाज माझाच मला रडका वाटला. ती म्हणाली, "आय वॉज आउटसाइड." मग थोडं थांबून, "सॉरी." त्यानंतर ठिपका कधी पिवळा झालाच नाही. मला काय, मी खूश. कुमारला सांगितलं, बघ, किती अभ्यासू झाली आहे. वकिलीणबाईंचा कागद त्याच आठवड्यात आला: पुढच्या टप्प्याआधी, मी अजून किमान एक वर्ष इथेच, ह्याच कामावर राहणार असं सही करून हवं, शुक्रवारपर्यंत. कुमार म्हणाला, तुला काय वाटतं? मी म्हटलं, उर्वी रमली आहे ना, मग एक वर्ष काढू. डिसेंबरात सासूबाईंचे सहा महिने संपून त्या परत जाणार होत्या, तरी काढू म्हटलं. रमली आहे हे मी कशावरून म्हटलं, तर त्या मसुराच्या दाण्यावरून. कागद खणात होता. सही तेवढी राहिली होती.

आणि आता वॉल्टर म्हणत होता, तो ठिपका खोटा आहे.

मी दोन तास माझा प्रोग्रॅम पिंजला. वेळ बरोबर होती. 'आहे' वेळेवर येत होतं. बटणंही खरोखरच दाबली जात होती, पण जवळपास सगळा वेळ एकच बटण, स्पेसबार, सेकंदाला तीस वेळा, तासन् तास. कीबोर्ड खराब झाला असेल, सरबत सांडलं असेल, मला एकदम हायसं वाटलं. दोष ना माझा, ना तिचा. तेवढ्यात पलीकडच्या क्यूबिकलमधून श्रीरामचं डोकं वर आलं. श्रीराम नागपूरचा, बत्तीस वर्षांचा, दर उन्हाळ्यात लग्न ठरवायला जातो आणि संत्र्याची बर्फी घेऊन परत येतो. "मॅडम, तुमच्या लेकीने माझ्या स्टोरेजची वाट लावली आहे," तो म्हणाला. "सात एमबीची टिपणवही! नुसता मजकूर, सात एमबी! पोथी लिहिते आहे का यार ती?" मी त्याच्याकडे गेले. त्याच्या यादीत उर्वीचं फोल्डर होतं, त्यात एकच फाइल. नाव रोमन अक्षरांत, पण मराठी: आईसाठी. दर मिनिटाला ती साठवली जात होती आणि नियमाप्रमाणे तिच्या तीन प्रती तीन राज्यांत जपून ठेवल्या जात होत्या. नावापुढे कुणाला दाखवायची त्या रकान्यात माझं नाव. त्यापुढच्या रकान्यात, मी ती शेवटची कधी उघडली ह्याची तारीख यायची, तिथे रिकामं होतं. ह्या बाजूला मी कधी आलेच नव्हते. माझ्या अर्ध्या भागातला ठिपका बघत बसले होते, आणि पोरीने जे ठेवलं होतं ते दुसऱ्या अर्ध्यात.

श्रीरामने फाइल उघडली. पांढरी. तो खाली खाली जात राहिला, पांढरीच. पानामागून पान, एक अक्षर नाही. "ही तर कोरीच आहे," तो म्हणाला, "कोऱ्या कागदाच्या तीन-तीन कॉप्या ठेवल्या मी, महा-इमानदारीत." स्पेसबारनेच हे सगळं भरलं होतं. पण मग त्याच्या कपाळावर आठी आली, कारण श्रीरामला हिशेब न जुळलेला चालत नाही. सेकंदाला तीस धरले तर मधून मधून थोडी थोडी खोट येत होती. कुणीतरी बटण मध्येच सोडत होतं. "थांबा, सलग आलेल्या कोऱ्या जागा काढून टाकतो, उरतं काय बघू," असं म्हणत त्याने एक ओळ टाइप केली. सात एमबीमधून दीड पान उरलं. पहिल्या दोन ओळी त्याने वाचल्या. मग खुर्ची मागे सरकवून उठला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही बसा इथे. मी चहा घेऊन येतो." आमच्या मजल्यावर चहाचं मशीन दहा पावलांवर आहे. तो अर्धा तास आला नाही.

रोमन लिपी, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, बोलत नाही ती सगळी वाक्यं. फोनवर एक शब्द टाकणारी माझी मुलगी अकरा दिवस मला लिहीत होती.

'आई, तू परत बसली आहेस. मी पण बसते. होमवर्क करते.'

'आई, शिवांगीकडे बाइक चालवायला जाते. आजीचा बत्ता स्पेसबारवर ठेवला आहे, म्हणजे मी ग्रीन राहीन. यू वोन्ट बी अलोन. परत आले की सांगते.'

'परत आले.'

'आजीने थालीपीठ केलं आहे. जेवून येते. तू पण जेव ना. सकाळपासून तिथेच आहेस.'

'बाइकवरून पडले. गुडघा. बाबाला नको सांगू, तो हेल्मेट हेल्मेट करेल.'

'आजी म्हणते बत्ता दे, चहात आलं घालायचं आहे. मी म्हटलं नाही, आई ऑफिसात आहे. आजी म्हणाली बरं, काँप्युटरचं काम असेल.'

'बाबा आज किचनमध्ये खूप वेळ नुसता उभा होता. मी हाय म्हटलं तर त्याने फ्रिज उघडला.'

'काल रात्री पाणी प्यायला उठले. तेव्हा पण तू होतीस. अजून आहेस. आई, झोप ना. तू झोपतच नाहीस. मी बत्ता ठेवते, मी बघते इकडे, तू झोप.'

पुढचं मला काही वेळ वाचता आलं नाही. मी परत पहिल्यापासून वाचलं, मग परत. आधी काही कळेना. मी कुठे रात्री होते? रात्री मी घरी असते, एल कमिनो रस्त्यावरच्या वन बेडरूममध्ये, टीव्ही लावून झोपलेली. तू आहेस, तू आहेस, सारखं काय लिहिते ही? आणि मग खुर्चीत सावरून बसावं म्हणून पाय लांब केले, तर पायाला काहीच लागलं नाही. ही श्रीरामची खुर्ची होती. माझ्या टेबलाखाली असतं ते इथे नव्हतं.

मी माझ्या जागेवर आले, खाली वाकून पाहिलं. जुलैपासून धूळ खात पडलेलं ते खोकं, एक हिरवा दिवा लावून, इमानेइतबारे माझ्या नावाने हजेरी देत होतं. वॉल्टरने ज्यावर पेनने काट मारली ते नाव फ्रिस्कोत डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात कुणीही खोडलेलं नव्हतं. तिथे माझा ठिपका सकाळी शाळेत जाताना हिरवा, शाळेतून आल्यावर हिरवा, रात्री पाण्याला उठल्यावर हिरवा. तिला वाटलं, आई बसून आहे. जेवायला उठत नाही, झोपायला उठत नाही, नुसती आपली वाट बघत बसून आहे. आणि त्यात मी म्हटलं होतं, आज तू दिसलीच नाहीस. नऊ वर्षांच्या मुलीने काय करायचं? आई अशी बसलेली असताना बाहेर सायकल चालवायची कशी? तिने स्वयंपाकघरातली सगळ्यांत जड वस्तू शोधली. मला तिचा इतका राग आला, म्हणजे माझाच आला, आणि इतकं भरून आलं, की मी टेबलाखालून बाहेर आलेच नाही. वॉल्टरचे बूट येऊन थांबले, क्षणभर घुटमळले आणि निघून गेले. भला माणूस आहे तो.

मी मशीन बंद केलं. वायर भिंतीतून उपटून काढली. माझ्या पीसीवर मी अजून चालू होते, म्हणून तिथला माउस आणि कीबोर्ड दूर सारला आणि हात मांडीवर ठेवून बसले. दहा मिनिटं कशाला हात लावायचा नव्हता. मोबाइल मात्र हातात होता. मी कुमारला फोन लावला. तो घरी निघाला होता, टोलवेवर होता. "थांब, गाडी बाजूला घेतो," म्हणाला, कारण माझा आवाज ऐकला त्याने. मी त्याला सगळं सांगितलं, बत्ता, थालीपीठ, गुडघा. गुडघा सांगायला नको होता, पण गेला तोंडातून. 

"मृणाल, तू रात्री दोनला पण ग्रीन असायचीस," तो म्हणाला. "मी बघायचो. मला झोप नाही यायची, खाली यायचो, बघायचो. तू असायचीस."

"ते मशीन होतं रे."

"मला काय माहीत? मला वाटलं तू कामात एवढी रमली आहेस, तुला आता कशाला ये म्हणायचं. तूच म्हणालीस ना, एक वर्ष काढू."

"उर्वी रमली आहे म्हणून म्हटलं."

"आणि मी तू रमली आहेस म्हणून हो म्हटलं." तो हसला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. मला तो किचनमध्ये नुसता उभा असलेला दिसला. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघेही काँप्युटरवाले, आणि एकमेकांना साधं विचारायचं सोडून दीड हजार मैलांवरून ठिपके बघत बसलो होतो. ह्याला काय म्हणावं? आमच्या सांगलीच्या सरांनी आम्हाला परत वर्गाबाहेर काढलं असतं.

"मी सही करत नाही," मी म्हटलं.

"रांगेत परत शेवटी उभं राहावं लागेल. पाच वर्षं, सहा वर्षं."

"राहू उभे. तुझ्या कंपनीकडून नवा अर्ज करू, डिपेंडंट म्हणून घरी बसेन काही दिवस. थालीपीठ शिकेन."

"तुला घरी बसवणार नाही हं. आणि अर्ज एकाच नोकरीवर, सगळ्यांचं सगळं एका जागी? माझीही गेली तर? तुझा तो नियम काय होता, तीन जागी ठेवायचं?"

"तो फाइलींसाठी आहे, कुमार."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ये मग." एवढंच म्हणाला. मग हेल्मेटबद्दल काहीतरी पुटपुटला, आणि मी त्याला बजावलं, की गुडघ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर पोरगी परत मला काही लिहिणार नाही.

फोन ठेवला तेव्हा समोर माझं नाव पिवळं झालेलं होतं. जुलैपासून पहिल्यांदा. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण तसं झालं नाही. सगळा भार उतरवून कुणीतरी पाठ टेकावी तसं ते नाव दिसलं मला. उर्वीचं मात्र खाली हिरवंगार. साडेतीन वाजून गेले होते, म्हणजे तिकडे साडेपाच. दोन मिनिटांनी मोबाइल वाजला, फ्रिस्कोच्या घरचा नंबर. ती स्वतःहून कधी फोन करत नाही.

"आई! व्हेअर डिड यू गो?" धापा टाकत होती. बाहेरून धावत आली असावी.

"इथेच आहे, बाळा. ऑफिसात."

"बट यू आर यलो! यू आर नेव्हर यलो."

मी तिला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. मुलांना मशीन लगेच कळतं, माणसांपेक्षा लवकर. म्हटलं, टेबलाखाली एक खोकं आहे, ते माझ्या नावाने बटण दाबायचं, मी नव्हते. मी घरी जायचे, जेवायचे, झोपायचे, सुट्टीच्या दिवशी दुपारीसुद्धा झोपायचे. ते खोकं लावून मी विसरून गेले, चूक माझी.  मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि सासूबाई कुणाला तरी काही विचारत होत्या. मी मनाची तयारी केली. ती म्हणेल, यू लाइड. बरोबरच असेल ते.

"सो यू वर स्लीपिंग?" तिने विचारलं.

"हो."

"एव्हरी नाइट?"

"रोज. छान, पांघरूण घेऊन."

"गुड," ती म्हणाली. तोच शब्द, सहा महिने फोनवर ऐकलेला, पण ह्या खेपेला तिने तो लांबवला, आणि मला ऐकू आलं की ती खुर्चीत मागे टेकली. "आय वॉज सो वरीड, आई. आजी पण."

"मी तुझं सगळं वाचलं. आज वाचलं. फार उशिरा वाचलं गं, सॉरी."

"इट्स ओके. मोस्टली स्पेसेस होत्या."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. श्रीराम चहाचे दोन कप घेऊन आला होता, त्याने एक माझ्यासमोर ठेवला आणि परत गेला. मी तिला म्हटलं, शुक्रवारी येते. मग एकदा सामान आवरायला परत यावं लागेल, आणि त्यानंतर नाही. "नाही म्हणजे?" तिने चक्क मराठीत विचारलं. "नाही म्हणजे इकडे परत यायचं नाही. तुझ्याकडेच राहायचं. डबा कोण करणार ते तू आणि मी ठरवू." तिचा नुसता श्वास ऐकू येत होता, जवळून, रिसीव्हर अगदी तोंडाला लावल्यासारखा. मी तो ऐकत राहिले. मसुराच्या दाण्याकडे बघत एवढे दिवस मी जे शोधत होते ते हे होतं.

मग ती हळूच म्हणाली, "आई, मग आजीचा बत्ता आजीला परत देऊ?"

"दे," मी म्हटलं.

"अँड कॅन आय गो? शिवांगी बाहेर थांबली आहे. माझी बाइक तिच्याकडे आहे."

"जा."

तिने फोन ठेवला नाही, तसाच ओट्यावर सोडला. पावलं धावत गेली, काहीतरी जड उचललं गेलं, सासूबाईंचा आवाज आला, "अगो बाई, झालं का एकदाचं काम? दहा-बारा दिवस आलं किसून घालते आहे मी." दार आपटलं. मी फोन कानाशी धरून समोर बघत बसले. गुरुवारपर्यंत दुरुस्ती करायची होती, दाबून धरलेलं बटण हालचाल म्हणून मोजायचं नाही, दहा ओळींचं काम. ते उद्या केलं तरी चालणार होतं. ओट्यावरच्या फोनमधून खलात आलं कुटल्याचा आवाज येऊ लागला, ठक ठक, ठक ठक. त्यानंतर दहा मिनिटांनी उर्वीचा ठिपका पिवळा झाला. ती उठून खेळायला गेली होती.